पिकअपला समोर जादा ड्रायव्हिंग लाइट: ब्रॅकेट, वायरिंग आणि भरल्या गाडीचं सेटिंग

काटोल_रोड

गाडी बोलेरो पिकअप, १२ व्होल्ट, हेडलाइटला साधे एच४ बल्ब. माल संत्रा आणि भाजीपाला. काटोल-कळमेश्वर पट्ट्यातून रात्री भरून निघायचं, पहाटे कळमना मार्केट. रस्त्यात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात, आणि हेडलाइटचा अप्पर (लांबचा झोत) जेमतेम पडतो. समोर दोन जादा लाइट लावायचे आहेत.

बंपरवर लावू की जाळीत? हॅलोजन की एलईडी? वायर आणि फ्यूज कोणता? पासिंगला अडचण येते का? दुकानदार म्हणतो, हेडलाइटच्या वायरलाच टॅप मारून देतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा.

रिले_८७

टॅप मारू देऊ नका. साधा हिशेब आहे. एच४ चा अप्पर ६० वॉटचा, दोन मिळून १२० वॉट, म्हणजे १० अँपियर. त्यात ५५ वॉटचे दोन लाइट जोडले की आणखी सव्वानऊ अँपियर. कंपनीने जी वायर आणि स्टिअरिंगखालचा जो कॉम्बिनेशन स्विच १० साठी दिलाय, त्यातून तुम्ही १९ नेताय. फ्यूज उडाला तर नशीब चांगलं म्हणायचं. दुकानदाराने फ्यूज मोठा घालून दिला तर आधी स्विचचे पॉइंट जळतात, मग कपलर वितळतं.

बरोबर जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरून स्वतंत्र वायर. बॅटरीपासून १५-२० सेंटीमीटरच्या आतच फ्यूज, कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुठे घासून चेसिसला लागला तर त्याला वाचवणारं काही नसतं. तिथून रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबर पिनवर. ८७ वरून निघून दोन फाटे, एकेक लाइटला. ८५ आणि ८६ ही कॉइल. तिला फक्त ०.१५ ते ०.२ अँपियर लागतात. हा छोटा करंट अप्परच्या वायरवरून घ्यायचा आणि मधे डॅशबोर्डवर एक स्विच. म्हणजे स्विच चालू असला तरी लाइट अप्परसोबतच पेटणार आणि डिप्पर (जवळचा झोत) मारला की आपोआप विझणार. समोरच्याला डिप्पर देताना दुसरा हात कुठे न्यावा लागत नाही, हा या जोडणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, मल्टिस्ट्रँड ऑटो केबल. ट्रिगरला, म्हणजे कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला, १ चौरस मिलिमीटर पुरे. फ्यूज १५ अँपियर. १० चा घालू नका. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो, आणि १० चा फ्यूज रोज थोडा थोडा थकून एके रात्री जातो.

बावा_नागपूरकर

काहून एवढा खटाटोप करून राहिले राजेहो. रेडिमेड हार्नेस मिळते ना बाजारात, रिले, फ्यूज, स्विच सगळं लावलेलं. ऑटोमोटिव्ह चौकाकडे गेलं की झालं काम.

रिले_८७

रेडिमेड चालतं, पण घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, वायर. वरून जाड दिसते, आत मूठभर तारा आणि बाकी सगळं प्लास्टिक. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत करा. बारीक वायरने काय होतं तेही सांगतो. जाऊन-येऊन ६ मीटर धरा आणि १० अँपियर. २.५ च्या तांब्यात साधारण ०.४५ व्होल्ट पडतात, १ च्या तांब्यात १.१ व्होल्ट. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून खूप वेगाने घटतो. ५ टक्के व्होल्टेज पडलं तर १६ टक्के उजेड गेला, १० टक्के पडलं तर ३० टक्के. पैसे ५५ वॉटचे मोजायचे आणि उजेड ४० चा घ्यायचा, असा तो सौदा.

दुसरी, फ्यूज. बऱ्याच हार्नेसमध्ये ३० अँपियरचा घातलेला असतो. त्या वायरीला ३० म्हणजे फ्यूजच्या आधी वायरच पेटणार. काढून १५ चा घाला.

तिसरी, ट्रिगर. बहुतेक किटमध्ये ट्रिगरची वायर सरळ बॅटरीला जाते. म्हणजे डिप्पर मारला तरी जादा लाइट चालूच. ती वायर कापून अप्परवर न्यावीच लागते.

मीटर_धारी

ट्रिगरबद्दल एक भर. सगळ्या गाड्यांत अप्परच्या वायरवर प्लस येतो असं नाही. काही गाड्यांत एच४ च्या कॉमन (अप्पर-डिप्पर दोन्हींच्या सामाईक) पिनवर प्लस कायम असतो आणि स्विच मायनस तोडतो-जोडतो. अशा गाडीत नेहमीच्या पद्धतीने जोडलं तर अप्पर बंद असताना कॉइलला फिलामेंटमधून पुरेसा करंट मिळतो आणि अप्पर लावल्यावर तो बंद. म्हणजे जादा लाइट उलटे चालतात, अप्पर नसताना पेटतात आणि अप्परला विझतात. मग लोक रिले बदलत बसतात.

तपासणी सोपी आहे. एच४ चं कपलर बल्बवर तसंच राहू द्या. मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब मागून अप्परच्या पिनला. अप्पर लावल्यावर १२ च्या पुढे आणि काढल्यावर शून्य दिसलं तर प्लस स्विचिंग. उलटं दिसलं तर मायनस स्विचिंग.

दोन्हीवर चालणारा एकच उपाय म्हणजे कॉइलचं एक टोक एच४ च्या अप्पर पिनला आणि दुसरं त्याच बल्बच्या कॉमन पिनला. बल्बला अप्परचं व्होल्टेज मिळालं की कॉइललाही मिळणार, दिशा कोणतीही असो. डॅशबोर्डचा स्विच यातल्या एका वायरीत. कपलर आणि बल्बच्या मधे बसणारा तीन पिनांचा नर-मादी जोड मिळतो, त्यातून फाटा काढा, म्हणजे कंपनीची वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीत हुज्जत नको.

विंडिंग_वर्धा_रोड

हे बरोबर, फक्त रिलेत आतून डायोड असेल तर नाही. डायोडवाल्या रिलेवर ८६ ला प्लसच यावा लागतो. उलटा दिला तर डायोडमधून शॉर्ट. रिलेच्या अंगावर छापलेली आकृती बघा. कॉइलला समांतर बाणासारखी खूण असेल तर डायोड आहे, नुसता आडवा चौकोन असेल तर रेझिस्टर. वरच्या पद्धतीला रेझिस्टरवाला घ्या.

नवीन गाड्यांत जिथे हेडलाइट कंट्रोल युनिटवरून चालतो तिथे साधा, काहीच नसलेला रिले वापरू नका. कॉइल सुटताना उलटा झटका देते, तो युनिटच्या ड्रायव्हरवर जातो.

पाटे_कमान

वायरिंगचं बरंच झालं, आता लोखंडाकडे या. लाइट हलत असेल तर वरचं सगळं शून्य. ५० मीटरवर उजेडाचा ठिपका नाचतो, डोळा थकतो, आणि हॅलोजनचं फिलामेंट आधी तुटतं.

प्लास्टिकच्या बंपर कव्हरवर कधीच नाही. आतल्या लोखंडी बीमवर, नाहीतर चेसिसच्या टोकाला जिथे बंपरचे बोल्ट येतात तिथून पट्टी काढून. पट्टी किमान ४ मिलिमीटर जाड आणि ४० रुंद. लांब निघत असेल तर सपाट पट्टी नको, अँगल वापरा किंवा खालून तिरका आधार द्या. १७० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा गोल लाइट एका बोल्टवर उभा राहतो, त्याला मागून वरच्या बाजूला दुसरा आधार लागतोच.

भोक पाडायचं तर आधी ४ मिलिमीटरचं, मग ८.५ चं, एम८ बोल्टसाठी. कडा कानसीने मारा, झिंक प्रायमर, त्यावर काळा रंग, आणि वाळल्यावरच बोल्ट. बोल्टला नायलॉक नट आणि दोन्ही बाजूंनी मोठा वॉशर. स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका, भरल्या पिकअपच्या कंपनात तो सैल पडतो. चेसिसवर वेल्डिंग करायचं नाही. ब्रॅकेटचा तुकडा गाडीवर असतानाच वेल्ड करणार असाल तर बॅटरीचा मायनस आधी काढा.

जाळीबद्दल विचारलंय. जाळीच्या मागे रेडिएटर आणि एसी असेल तर कंडेन्सर. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ च्या पुढे, गाडी भरलेली, चढ लागला. अशा वेळी रेडिएटरसमोर दोन मोठ्या थाळ्या टांगल्या तर टेम्परेचरचा काटा वर जाणारच. लाइट जाळीच्या दोन्ही कडांना किंवा बंपरच्या खालच्या फटीत, हवेच्या वाटेच्या बाहेर ठेवा.

नंबर प्लेटच्या मागून निघणारा तयार ब्रॅकेट बरेच जण घेतात. आता प्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) असते, स्नॅप लॉकने बसवलेली. लॉक एकदा काढलं की तुटतं आणि प्लेट परत साध्या स्क्रूवर लावणं नियमात बसत नाही. तो ब्रॅकेट विसरा.

काटोल_रोड

बंपरच्या बीमवर जागा आहे, जमिनीपासून ७० सेंटीमीटरच्या आसपास. बुलगार्ड बसवून त्यावर लावले तर?

कलम_५२

बुलगार्ड नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र देऊन क्रॅश गार्ड आणि बुल बारवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलंय. एअरबॅगच्या गाडीत धडकेचा भार भलत्याच वाटेने चेसिसला जातो, आणि पादचाऱ्याला लागलं तर जीवघेणं.

आता लाइटचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १११: समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई, अपवाद म्हणून नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घेतली तरच. गाडीत परस्पर बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुकानात "सगळेच लावतात" हे उत्तर मिळेल. चलान फाडताना ते चालत नाही.

तुमची गाडी मालवाहू, म्हणजे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस. तिथे समोरची बाजू बघतातच. म्हणून लावण्याआधी ज्या कार्यालयात नोंद आहे तिथे, एमएच-४० असेल तर ग्रामीणला, लाइटचा प्रकार आणि ठिकाण लिहून अर्ज द्या. लाइटच्या काचेवर वर्तुळातला ई आणि नंबर असलेला माल घ्या, म्हणजे प्रमाणित आहे हे दाखवता येतं. छतावरची एलईडी पट्टी, फिरता स्पॉट, निळा-जांभळा रंग, यांच्यासाठी अर्जसुद्धा करू नका. कंपनीचाच ॲक्सेसरीतला लाइट मिळत असेल तर तो सगळ्यात बिनघोर.

बावा_नागपूरकर

छतावर पट्टी लावली तर जंगल अख्खं उजळते ना भाऊ, पेंचच्या बाजूनं लय कामाची.

रिले_८७

जंगल उजळतं, आणि त्याआधी तुमचं स्वतःचं बोनेट. छतावरून निघालेला उजेड बोनेटवर पडून डोळ्यात येतो, बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. धूळ किंवा पाऊस असेल तर समोर पांढरा पडदा. कायद्याचं वर आलंच आहे.

मीटर_धारी

हॅलोजन की एलईडी, यावर माझं मत: चांगली एलईडी किंवा साधा हॅलोजन, मधलं काही नाही. डब्यावर १८० वॉट आणि मीटरवर ३ अँपियर, म्हणजे १३ व्होल्टला जेमतेम ३९ वॉट, असा माल भरपूर आहे. दुकानातच बॅटरीला जोडून अँपियर मोजायला लावा. वॉटपेक्षाही आरसा आणि काच महत्त्वाची. नुसत्या चिप रांगेत मांडलेल्या लाइटचा उजेड जवळच सांडतो. गाडीसमोरचे १० मीटर लख्ख झाले की डोळा त्याला सरावतो आणि ८० मीटरवरचा रोही अंधारातच राहतो.

तुम्हाला किती लांबचं दिसायला हवं तेही बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर. पुढे भरली गाडी थांबायला साधारण ५० मीटर. एकूण ८० च्या वर. ताशी ६० ला हेच अंतर ५३ च्या आसपास येतं. डिप्परचा कामाचा उजेड ५०-६० मीटर. म्हणजे ड्रायव्हिंग लाइट ८० ते १५० मीटरच्या पट्ट्यासाठी घ्यायचा, गाडीसमोरचं अंगण झाडायला नाही.

एलईडी घेतलीच तर मागे पंख असलेली ॲल्युमिनियमची बॉडी बघा आणि ती हवेत राहील अशी बसवा. स्वस्त एलईडीने एफएममध्ये खरखर येते, तेव्हा तिची वायर अँटेनाच्या वायरपासून लांब न्या आणि टोकाला फेराइट कडी घाला.

आणि १०० वॉटचे हॅलोजन नकोत. दोघांचे १७ अँपियर, होल्डर तपकिरी पडतो, आरशाचा मुलामा उडतो.

पाटे_कमान

आता पिकअपची खरी गोम. सेटिंग.

कारचं सेटिंग बघून पिकअपला करतात आणि तिथेच फसतं. हौदा भरला की मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बसतात, नाक वर होतं. मागची बाजू ६ सेंटीमीटर बसली आणि दोन चाकांमधलं अंतर ३ मीटर धरलं तर उतार २ टक्के. म्हणजे ५० मीटरवर तुमचा उजेड १ मीटर वर गेला, १०० मीटरवर २ मीटर. रिकाम्या गाडीवर झक्क सेट केलेला लाइट भरल्यावर झाडांच्या शेंड्यांना उजेड देतो. हेडलाइटला डॅशबोर्डवरून खाली करायची चकती असते, ती तुमच्या जादा लाइटला लागू नाही.

म्हणून रात्री गाडी ज्या अवस्थेत धावते त्या अवस्थेत सेट करा. तुमच्याबाबतीत भरून. कॅरेट भरलेले, टायरात बरोबर हवा, ड्रायव्हर सीटवर. सपाट जागा, समोर भिंत, लाइटपासून १० मीटर. गाडी एकदा मागे-पुढे हलवून पाटे बसू द्या. जमिनीपासून लाइटच्या मध्याची उंची मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ, आणि तिच्या ५ सेंटीमीटर खाली दुसरी. दोन्ही लाइटच्या मध्यांतलं अंतर मोजून भिंतीवर दोन उभ्या रेघा, गाडीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या. आता एक लाइट झाकून दुसऱ्याचा सगळ्यात तेजस्वी ठिपका खालच्या रेघेवर, उभ्या रेघेच्या बरोबर मधे आणा. मग दुसरा. ठिपके एकमेकांकडे वळवू नका. पुढे जाऊन ते एकमेकांना ओलांडतात आणि उजवीकडचा उजेड समोरच्या लेनमध्ये जातो.

असं सेट केल्यावर रिकाम्या गाडीत उजेड साधारण २८ मीटरवरच रस्त्याला टेकेल. परत येणं दिवसा असेल तर फरक पडत नाही. रात्री रिकामी यायची असेल तर ब्रॅकेटवर रंगाच्या दोन रेघा मारा, एक भरतीची, एक रिकामीची. १३ चा पाना सीटखाली ठेवला की दोन मिनिटांचं काम.

धुकं_भंडारा_रोड

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वैनगंगेकडे दाट धुकं असतं. त्यात हे चालतील का?

रिले_८७

नाही. उलट बंद ठेवा, डिप्परवर चालवा. ड्रायव्हिंग लाइटचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यात येतो. धुक्याला वेगळा फॉग लाइट लागतो: खाली बसवलेला, रुंद पसरणारा, वरची कड कापलेली. १० मीटरवरच्या भिंतीवर ती कड लाइटच्या मध्यापासून २० सेंटीमीटर खाली यायला हवी, आणि त्याचा ट्रिगर अप्परवरून नसतो. पिवळा की पांढरा, हा वाद चहावर घाला. उंची आणि कड बरोबर नसेल तर दोन्ही रंग सारखेच कुचकामी.

विंडिंग_वर्धा_रोड

बसवल्यानंतर काय बिघडतं, ते आधीच लिहून ठेवतो.

दोन्ही मंद: इंजिन चालू, लाइट चालू, मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा लाइटच्या प्लसवर. जे दिसेल तो त्या वाटेत पडलेला व्होल्टेज. पाव व्होल्टपर्यंत ठीक. मग मायनसचं तसंच. दहातल्या आठ वेळा दोष अर्थिंगचा निघतो: रंगावरच थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळलेलं. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर आवळा, वर ग्रीस.

एकच मंद किंवा लुकलुकता: त्या लाइटचं कपलर. निळे चिमटा-कनेक्टर, जे वायर न सोलता दाबून बसतात, ते वापरू नका. पहिल्या पावसाळ्यात आत हिरवा गंज. थिंबल पकडीने नाही, क्रिम्पिंग प्लायरने दाबा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. नुसता सोल्डर मारला तर वायर तिथे कडक होते आणि कंपनाने सोल्डरच्या कडेला तुटते.

काचेत पाणी: सर्व्हिसिंगचा प्रेशर पाइप थेट लाइटच्या मागच्या बाजूला मारला जातो, तो मारू देऊ नका. आत थोडी वाफ धरून १० मिनिटांत जाते, ते चालतं. थेंब साचत असतील तर सील गेलं. वायर लाइटमध्ये शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्या, पाणी झोक्यावरून गळतं.

उमरेडकडे कोळशाच्या गाड्यांमागे धावणाऱ्यांनी काच रोज पुसावी. कोळशाची धूळ आणि पहाटेचं दव मिळून जो थर बसतो त्यात निम्मा उजेड जातो. कोरड्या फडक्याने नाही, आधी पाणी. नाहीतर प्लास्टिकची काच ओरखडून कायमची धुरकट.

काटोल_रोड

यादी केली, बघून सांगा: ५५ वॉट हॅलोजन ड्रायव्हिंग लाइट एक जोडी, ई मार्कवाले. ४० अँपियरचा ४ पिन रिले, रेझिस्टरवाला, बेससकट. ब्लेड फ्यूज होल्डर झाकणासह, १५ चे फ्यूज तीन. २.५ ची लाल ६ मीटर, काळी ४ मीटर, १ ची पिवळी ५ मीटर. एच४ नर-मादी जोड एक. कॉरुगेटेड पाइप ५ मीटर, थिंबल, गोंदवाली हीट श्रिंक, डॅश स्विच. ४० बाय ४ ची पट्टी १ मीटर, एम८ बोल्ट नायलॉकसह सहा.

अर्ज आधी ग्रामीण आरटीओत देतो, मग माल.

विंडिंग_वर्धा_रोड

पिवळी ८ मीटर घ्या. कॉइलच्या एका वायरीत स्विच आहे, म्हणजे ती केबिनमध्ये जाऊन परत बाहेर येते. ५ मध्ये जोड द्यावा लागेल. केबिनच्या पत्र्यातून जाताना कंपनीच्या ग्रोमेटलाच बारीक चीर देऊन वायर काढा, नवीन भोक पाडलंच तर रबरी ग्रोमेटशिवाय नाही. पिवळीवर ३ अँपियरचा एक वेगळा फ्यूज टाका, स्विचकडे वायर घासली तर हेडलाइट तरी शाबूत राहील. रिले बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर, पिना खाली करून.

पाटे_कमान

बोल्ट सहाऐवजी आठ, दोन तिरक्या आधाराचे. आणि पहिल्या दोन-तीन खेपांनंतर सगळे पुन्हा आवळा, रंग दबल्यावर ते हमखास थोडे सैल होतात.